मुक्या पेटीचे गाणे

घरच्या घरी ध्वनिपेटी बांधू पाहणाऱ्या रसिकांसाठी

गाण्याच्या शौकाबाबत आपल्या इंदूरला कोणी काही शिकवावे, अशी परिस्थिती नाही. बीनकार बंदे अली खाँ होळकरांच्या दरबारी होते. उस्ताद अमीर खाँ इंदूरचे म्हणूनच सर्वत्र ओळखले गेले. शेजारच्या देवासला रजब अली खाँ राहिले आणि १९४८ पासून कुमार गंधर्वांनीही तेच आपले गाव मानले. आज यांपैकी कोणी नाही. ज्यांचे ध्वनिमुद्रण झाले त्यांचे गाणे तेवढे आपल्या हाती उरले आहे, आणि ते ऐकायचे तर लाउडस्पीकरवाचून गत्यंतर नाही.

हे गाणे आज पूर्वी कधी नव्हते इतके सुलभ झाले आहे. एका बाजूस मारवा व दुसऱ्या बाजूस दरबारी असलेली अमीर खाँसाहेबांची तबकडी एकेकाळी मिळवावी लागे, जपावी लागे. आता तोच मारवा खिशातल्या फोनवर बोट टेकवताच सुरू होतो. परंतु मिळणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. गायकाची पट्टी काळी एक धरली, तर त्याचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३८ कंपनांचा होतो आणि तंबोऱ्यावरची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ कंपनांवर बोलते. फोनमधला नखाएवढा पडदा तिथवर उतरूच शकत नाही. आपला कान मोठा चतुर असल्यामुळे वरच्या उपस्वरांवरून तो मूळ स्वर ताडतो. त्यामुळे राग ओळखू येतो, बंदिश कळते. पण षड्जाचे वजन काही येत नाही. ज्या गायकाने आयुष्यभर मंद्र सप्तकाची साधना केली, त्याची अर्धी मिळकत अशा रीतीने वाटेतच गहाळ होते.

यावर उपाय म्हणून बाजारातून महागडी यंत्रे आणता येतात. पण दुसराही एक मार्ग आहे. लाउडस्पीकरचा धातूचा व कागदाचा भाग कारखान्यातूनच घ्यावा लागतो हे खरे. त्याची पेटी मात्र चार फळ्या, सरस आणि थोडा धीर यांच्या बळावर घरी बांधता येते. आणि आवाज चांगला की वाईट हे ठरवण्यात या पेटीचा वाटा फार मोठा असतो.

पुढचा आवाज, मागचा आवाज

आज सर्वत्र वापरात असलेल्या लाउडस्पीकरची घडण मुख्यतः अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली मांडली. लोहचुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे एक हलके वेटोळे, त्याला चिकटवलेला कागदी शंकू, आणि त्या शंकूला कडेने झेलणारी लवचिक किनार, एवढाच हा संसार. वेटोळ्यातून गाण्याचा विद्युत्प्रवाह गेला की ते पुढेमागे हलते, शंकू हवा ढकलतो, आणि आपल्याला गाणे ऐकू येते.

ग्यानबाची मेख अशी की, शंकू पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढे जितका आवाज, तितकाच मागे; पण उलट दिशेचा. तारस्वरांच्या लहरी लहान असल्याने त्यांचे फारसे बिघडत नाही. ५० कंपनांच्या स्वराची लहर मात्र जवळजवळ सात मीटर लांब असते. ती वीतभर शंकूला सहज वळसा घालते, मागची लहर पुढचीला भेटते, आणि दोघी एकमेकींना गिळून टाकतात. उघडा लाउडस्पीकर हातात धरून वाजवला तर तो किनऱ्या आवाजात चिरचिरतो. तोच एका मोठ्या पुठ्ठ्याला नेमके भोक पाडून त्यावर घट्ट दाबून धरा; डग्ग्याचा आवाज एकाएकी पुढे येतो. हा प्रयोग ज्याने एकदा केला, त्याला पेटीचे प्रयोजन निराळे सांगावे लागत नाही. मागचा आवाज कोंडून ठेवणे हे पेटीचे पहिले काम होय.

भोपळा आणि पेटी

येथेच आपल्याकडच्या संगीतप्रेमी माणसाची एक गोड गैरसमजूत होते. त्याने तंबोरा पाहिलेला असतो. मिरजेचा कारागीर भोपळा निवडतो, तबलीची जाडी हाताने अजमावतो, आणि सारे लाकूड बोलते झाले म्हणजे वाद्य जमले असे म्हणतो. त्यावरून लाउडस्पीकरची पेटीही अशीच बोलकी, पातळ, घुमणारी असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तंबोऱ्याचा भोपळा बोलला पाहिजे. ध्वनिपेटी मुकी असली पाहिजे. भोपळा आपला आवाज तारेच्या आवाजात मिसळतो, आणि तोच त्या वाद्याचा गुण. पण मुद्रित झालेल्या गाण्यात तो भोपळा आधीच बोलून गेलेला आहे. पेटीने त्यात स्वतःची भर घातली की एका तंबोऱ्याला दोन भोपळे होतात.

चहाच्या टपरीवर किंवा केशकर्तनालयात माठाच्या तोंडावर लाउडस्पीकर बसवलेला अनेकांनी पाहिला असेल. गाणे कसे भरदार लागते! ती करामत माठातल्या हवेची. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली तर जसा एकच सूर निघतो, तसाच माठालाही आपला एक ठरलेला सूर असतो. गाण्यातला कोणताही खालचा स्वर त्याच्या आसपास आला की माठ आपलाच सूर घुमवतो. तबल्याचा डग्गा असो, पखवाज असो की नाटकातला मेघगर्जनेचा देखावा, सर्वांचा खर्ज एकच! घुमणे म्हणजे गांभीर्य नव्हे, ही गोष्ट पेटी बांधणाऱ्याने प्रथम मनावर कोरून ठेवावी.

आपल्या संगीताला हा दोष विशेष बाधतो, आणि त्याला शास्त्रीय कारण आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्या सहकार्याने १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, साध्या ढोलाचे उपस्वर बेसुरे असतात, पण आपल्या मृदंग-तबल्यावरच्या शाईमुळे ते मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा सुरेल पायऱ्यांवर येऊन बसतात. पुढच्याच वर्षी त्यांनी तंबोरा व वीणा यांच्या घोडीचा विचार केला. तिच्या रुंद, किंचित गोलसर पाठीमुळे तारेचे उपस्वर कसे उमलतात हे त्यांनी विशद केले. जवारीचा झणत्कार म्हणजे ही उपस्वरांची रांग. इतक्या नीटस रांगेत पेटीची एखादी सैल फळी आपला बेसूर घेऊन घुसली, तर ती लपणार कशी? गर्दीच्या वाद्यवृंदात खपून जाणारी खोट दोन तंबोऱ्यांमध्ये उघडी पडते.

थोडे गणित

पूर्वी पेटीचे माप अंदाजानेच ठरे. मोठी पेटी तेवढी चांगली, असा समज होता. बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांनी पेटीला मोजके छिद्र ठेवून मागच्या आवाजाचाही उपयोग करून घेण्याची युक्ती शोधली. तिचे पेटंट १९३२ साली मिळाले. ती म्हणजे लगाम घातलेला माठच म्हणा ना. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी निराळी वाट धरली. पेटी पूर्ण बंद करून आतल्या कोंडलेल्या हवेलाच त्यांनी शंकूची स्प्रिंग बनवले आणि लहान पेटीतूनही खरा खर्ज काढून दाखवला. पुढे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली व रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत या साऱ्याचे गणित बसवले. आज चांगला कारखानदार प्रत्येक लाउडस्पीकरबरोबर जे आकडे देतो, ते या दोघांच्याच नावाने ओळखले जातात.

त्यांतले तीन आकडे पुरेत. पहिला, शंकूची नैसर्गिक कंपनसंख्या. दुसरा, त्याच्या किनारीच्या लवचिकपणाइतकी लवचिक हवा किती लिटर. तिसरा, शंकू आपल्या झोक्याला किती चटकन आवर घालतो याचे माप. समजा, साडेसहा इंची लाउडस्पीकरचे हे आकडे अनुक्रमे ४५, ३० लिटर आणि ०.४० आहेत. बंद पेटीत तिसरा आकडा वाढून ०.७ च्या आसपास यावा, म्हणजे आवाज ना कोरडा ना घुमरा होतो. ०.७०७ ला ०.४० ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग करा, त्यातून एक वजा करा, उत्तर २.१२ येते. ३० लिटरला त्याने भागले की पेटीचे आतले माप मिळते: सुमारे १४ लिटर. शंकूची कंपनसंख्याही त्याच प्रमाणात वाढून ८० च्या जवळ जाते, आणि त्याच्या खाली आवाज हळूहळू उतरत जातो. ६९ कंपनांचा खर्ज अशा पेटीत दबला तरी हरवत नाही.

१४ लिटरसाठी आतून उंची ३६, खोली २२ व रुंदी १८ सेंटिमीटर ठेवावी. तिन्ही मापे सारखी ठेवू नयेत. ठेवल्यास आतली हवा तिन्ही बाजूंनी एकाच स्वरावर घुमते. छिद्राची पेटी अधिक खाली उतरते खरी, पण तिचे माप चुकले तर माठाचा दोष परत येतो. म्हणून पहिली पेटी बंदच बांधावी.

सुताराच्या शेजारी बसून

फळी १८ मिलिमीटर जाडीची घ्यावी. चांगले प्लायवूड किंवा एमडीएफ दोन्ही चालते. एमडीएफचा भुसा मात्र फार बारीक असतो, तेव्हा कापताना नाकातोंडावर फडके बांधावे. करवतकाम स्वतः करण्याचा अट्टहास नसावा. लाकडाच्या वखारीतच यंत्रावर फळ्या काटकोनात कापून घ्याव्यात, कारण कोपरे वाकडे आले की सांधे उघडे राहतात. सांध्यांना भरपूर फेव्हिकॉल लावून, शिकंज्यात आवळून, रात्रभर हात लावू नये. आतल्या सांध्यांवर फेव्हिकॉलात कालवलेला लाकडाचा भुसा बोटाने भरावा. समोरासमोरच्या मोठ्या फळ्यांना जोडणारी एक आडवी पट्टी आत बसवावी, पण ती अगदी मध्यावर न बसवता थोडी वर किंवा खाली.

मग माठ घेताना करतो ती परीक्षा करायची, फक्त उलट्या हेतूने. बोटाच्या पेराने पेटीवर टिचकी मारा. माठ खणखणला तर आपण घेतो. पेटी खणखणली तर आणखी पट्टी बसवायची. ‘ठप्’ असा आखूड, मेलेला आवाज यावा. आत रजईत भरतात तसा पॉलिएस्टरचा पिंजलेला तंतू सैलसर भरावा, म्हणजे फळ्यांवर आपटून परतणारा मधला आवाज शंकूतून बाहेर डोकावत नाही. शेवटी लाउडस्पीकर रबराच्या पट्टीवर बसवून स्क्रू आवळावेत आणि शंकू दोन्ही हातांच्या बोटांनी हळूच, सरळ आत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे. झटकन आला तर कुठेतरी फट आहे. ती शोधून बुजवावी.

स्वरांची वाटणी

मोठा शंकू खालचे स्वर उत्तम सांभाळतो, पण जवारीचे बारीक उपस्वर त्याच्याने चहूकडे पसरवले जात नाहीत. त्यासाठी लहान ट्वीटर लागतो, आणि दोघांत कामाची वाटणी करावी लागते. तारेचे वेटोळे खालचे स्वर जाऊ देते व वरचे अडवते. कंडेन्सर नेमके उलट करतो. दोन्ही लाउडस्पीकर ८ ओहमचे असून वाटणी ३००० कंपनांवर करायची, तर मोठ्याच्या वाटेत सुमारे ०.४२ मिलिहेन्रीचे वेटोळे आणि ट्वीटरच्या वाटेत सुमारे ६.६ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर येतो. हा झाला आरंभ. लाउडस्पीकरचे ओहम प्रत्येक स्वराला थोडे बदलतात, म्हणून पुढची जुळवणी कानाने, किंवा आता सहज मिळणाऱ्या मापनाच्या मायक्रोफोनने करावी. दोन्ही पडदे एकमेकांशेजारी असावेत. ज्याला हा खटाटोप नको, त्याने चार-पाच इंची, एकट्यानेच सर्व स्वर वाजवणारा लाउडस्पीकर घ्यावा. तो खर्जात थोडा कमी पडतो, पण गळ्याशी प्रामाणिक राहतो.

एक सावधगिरी. पेटीच्या तारांत भीती नाही. ध्वनिवर्धकाच्या पोटात आहे. तो तयारच विकत घ्यावा आणि उघडू नये.

कानाची कसोटी

इंग्लंडात व्हार्फडेल कंपनीच्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये हजारो श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष वाद्य आणि त्याचे मुद्रण शेजारी शेजारी वाजवून दाखवले होते. आपल्याला एवढ्या मोठ्या सभागृहाची गरज नाही. प्रथम ओळखीच्या माणसाचे बोलणे मुद्रित करून लावावे. बीबीसीचे अभियंते आपल्या लाउडस्पीकरांची पारख करताना मानवी आवाजाला मोठे स्थान देत, ते उगाच नव्हे. माणूस डब्यात तोंड घालून बोलतोसा वाटला तर पेटी दोषी समजावी. नंतर नुसता तंबोरा लावावा. चारही तारा निरनिराळ्या ऐकू याव्यात, आणि खर्जाच्या तारेनंतर तिची आस विरत जाताना मध्येच फुगू नये. शेवटी विलंबित ख्यालातला ठेका: डग्ग्याची मींड खालून वर सारखी सरकली पाहिजे, एखाद्या पायरीवर ती उडी मारून अंगावर आली, तर तो पेटीचा नाही तर खोलीचा घुमारा.

खोलीचेही थोडे ऐकावे लागते. कोपऱ्यात पेटी ठेवली की खर्ज फुगतो. भिंतीपासून हातभर पुढे आणली की सावरतो. जुन्या वाड्यांतल्या मातीच्या भिंती आणि लाकडी पाटण आवाज शोषून घेत. आजच्या फरशीच्या खोलीत जाजम, गादी, पडदे यांची मदत घ्यावी. बैठकीला गादी लागते ती केवळ बसण्यासाठी नव्हे.

हा सारा उद्योग काटकसरीचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. सियागंजच्या चार फेऱ्या, सुताराची मजुरी, फुकट गेलेल्या फळ्या यांचा हिशेब मांडला, तर तयार पेटी कदाचित स्वस्त पडेल. मिळकत आहे ती वेगळी. फट बुजवताना, पट्टी सरकवताना, तोच आलाप दहा वेळा ऐकताना माणूस जे ऐकायला शिकतो, ते दुकानात मिळत नाही. आपण आजवर ज्याला भरदार आवाज म्हणत होतो तो लाकडाचा होता आणि गायकाचा आवाज त्याच्या पाठीमागे उभा होता, हे एकदा कळले की कान पुन्हा फसत नाही. जे गेले त्यांना परत बैठकीला बोलावता येत नाही. पण त्यांच्या आणि आपल्या मध्ये बडबडणारी पेटी गप्प करणे, एवढे तर आपल्या हाती आहे.