आधी गाडी आडवी पाड!

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी धाकटी पुतणी घरी आली, ती मोबाइल पुढे करूनच. "काका, यातली कुठली घेऊ?" पडद्यावर तीन मोटारसायकली होत्या. तिन्ही उंच आणि दणकट, पुढे चोचीसारखे मडगार्ड, मागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या. त्यातल्या एकीची किंमत ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. तेवढ्या पैशांत तिच्या वडिलांनी एके काळी फ्लॅटचे बुकिंग केले होते.

पुतणी सव्वीस वर्षांची. नोकरीला लागून तीन वर्षे झालेली. जुलैत दोन मैत्रिणींबरोबर पुण्याहून लेहला जायचे, तिघींनी तीन गाड्यांवर, असे त्यांचे ठरले होते. तिच्या आईने, म्हणजे आमच्या वहिनींनी, आदल्याच रात्री मला फोन करून बजावले होते, "भाऊजी, तुम्ही तिला नाही म्हणा. तुमचं ऐकेल ती." आता जो माणूस १९९६ साली कुणाचेही न ऐकता याच रस्त्याने गेला होता, त्याने कोणत्या तोंडाने नाही म्हणावे? मी मधला मार्ग काढला.

"गाडी कुठलीही घे," मी म्हटले, "पण घेण्याआधी ती आडवी पाड आणि एकटीने उचलून दाखव."

"शोरूमवाले पाडू देतील का काका?"

"नाही देणार. म्हणून ज्याच्याकडे ती गाडी आहे असा कुणीतरी ओळखीतला गाठ."

तिला ही थट्टा वाटली. पण लांबच्या प्रवासात गाडी पडते ती सिनेमात पडते तशी वेगात पडत नाही. ती पडते थांबताना. वाळूत पुढचे चाक रुतते, ओढ्यातल्या गोट्यांवर पाय घसरतो, चढावर पाय टेकायला जावे तर खाली जमीनच हातभर लांब असते. मैदानात चार माणसे धावून येतात. चार हजार मीटरवर कुणी नसते आणि नुसती बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते. तिथे दोनशे किलोची गाडी आणि वर वीस किलोचे सामान उचलायचे असते. त्याची एक रीत आहे. इंजिन बंद करायचे, गाडी गिअरमध्ये ठेवायची, उजव्या बाजूला पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढायचा. मग गाडीकडे पाठ करून कंबर सीटला लावायची, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची दांडी धरायची आणि पायांच्या जोरावर मागे ढकलत चालायचे. कमरेतून वाकून ओढायला गेलात, तर गाडी तिथेच राहते आणि तुम्ही डॉक्टरकडे जाता.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. पहिली गाडी हललीच नव्हती. दुसरी, दोनशे किलोच्या जवळपासची, तिसऱ्या खेपेला उठली. तिसरी दोनशे सीसीची, वजनाने दीडशेच्या थोडी वर. ती पहिल्या खेपेला उठली आणि तिच्यावर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले. निवड झाली होती. तीही जुनी घ्यायचे ठरले. नवी गाडी पडली की तिच्या ओरखड्यांचेच दुःख जास्त होते.

लोक पहिला प्रश्न सीसीचा विचारतात. हल्ली तर 'ॲडव्हेंचर' हा शब्द पेट्रोलच्या टाकीवरच लिहून येतो. पण टेड सायमन नावाचा इंग्रज पत्रकार १९७३ ते १९७७ अशी चार वर्षे मोटारसायकलवरून जगभर हिंडला, आपल्या देशातूनही गेला, तो ट्रायम्फच्या पाचशे सीसीच्या गाडीवर. मोहिमेसाठी खास घडवलेली अशी ती गाडी नव्हती. आपल्याकडे हिमालयात बुलेटचा दबदबा आहे तोही केवळ तिच्या आवाजामुळे नाही. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली, बुलेट लष्करात रुळली, आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्री व तिचे सुटे भाग डोंगरातल्या गावांतूनही मिळू लागले. वाटेतल्या मिस्त्रीला जी गाडी उघडता येते, ती लांबच्या प्रवासाला चांगली. ज्या गाडीचा एक सेन्सर मागवायला आठवडा लागतो तिच्यापेक्षा तर नक्कीच चांगली.

अर्थात जुने ते सगळे सोने नव्हे. तांगलांग ला आणि खारदुंग ला या खिंडी पाच हजार तीनशे मीटरच्या वर आहेत आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीला हे कळत नाही. हवा कमी, पेट्रोल त्या मानाने जास्त, मग धूर काळा येतो, प्लग काजळतो आणि गाडी दमेकऱ्यासारखी खोकत चढते. आम्ही दर खिंडीआधी स्क्रू फिरवत बसायचो. २०२० मध्ये 'भारत स्टेज सहा'चे नियम आल्यापासून नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले. ते हवेच्या मानाने पेट्रोल बेताने सोडते. पण जी हवाच नाही ती कुठून आणणार? ताकद कमी होतेच. म्हणून पत्र्याच्या पेट्या पुतणीने रद्द केल्या हे मला फार आवडले. वजनदार सामान खाली आणि मधोमध, हलके वर. मागच्या चाकाच्याही मागे जड काही बांधले की चढावर पुढचे चाक हलके होते आणि हँडल ऐकेनासे होते.

आता १९९६ ची गोष्ट सांगतो. वहिनींना ती मी इतकी वर्षे सांगितली नव्हती.

आम्ही दोघे मित्र, एक बुलेट. त्या वेळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मोठ्या विश्वासाने गाडीचे संपूर्ण सर्व्हिसिंग करून घेतले आणि सुटे भाग म्हणून एक क्लच केबल घेतली, प्लॅस्टिकच्या पिशवीतली, चकचकीत. ती पिशवी आम्ही उघडली नाही. मनालीहून निघून सर्चू ओलांडले आणि गाटा लूप्सच्या वळणांना लागलो. एकवीस वळणे, एकावर एक. पंधराव्या-सोळाव्या वळणावर क्लचची दांडी एकदम हलकी लागली. केबल तुटली होती. काही हरकत नाही म्हणत मी पिशवी फोडली. केबल दुसऱ्याच मॉडेलची होती. वीतभर तोकडी, आणि तिच्या टोकाची शिशाची गोळी आमच्या खाचेत बसेना.

दुपारचे तीन वाजले होते. मित्राचे डोके सकाळपासून दुखत होते. आता त्याला उलट्या सुरू झाल्या. उंचीवर असे झाले की माणसाला लवकरात लवकर खाली न्यायचे असते. आम्ही मात्र तिथेच दोन तास उभे. चढावरची वळणे, मागे सामान, अशक्त माणूस, त्यात क्लच नाही. त्या दोन तासांत मी मनाशी काय काय कबूल केले ते इथे सांगत नाही. शेवटी एक मालट्रक आला. पगडीवाल्या ड्रायव्हरने काही न विचारता आपल्या वायरिंगमधला पितळी कनेक्टर काढला, तुटलेल्या तारेच्या टोकावर तो स्क्रूने आवळला आणि गोळीच्या जागी बसवून दिला. वीस मिनिटे. मित्राला केबिनमध्ये घेतले आणि ट्रक वळवणे शक्य नसल्यामुळे पुढेच, पांगच्या लष्करी तळावर नेले. तिथे त्याला ऑक्सिजन मिळाला. मित्र आज नातवंडांत आहे. ड्रायव्हरचे नाव विचारायचे राहून गेले.

चूक दुकानदाराची होतीच, पण जास्त माझी. म्हणून पुतणीला सांगितलेली पहिली गोष्ट हीच: सुटा भाग पिशवीत ठेवू नकोस, गाडीला लाव. नवी केबल आत्ताच चढव, पाचशे किलोमीटर चालव, आणि उतरवलेली जुनी, चालती केबल बरोबर घे. ती बसते हे तुला माहीत असते आणि ती कशी बसवायची हेही एव्हाना हातांना माहीत झालेले असते. सर्व्हिसिंगचेही तसेच. आदल्या दिवशी केलेले सर्व्हिसिंग म्हणजे न तपासलेले सर्व्हिसिंग. सैल राहिलेला नट कळायला हजारभर किलोमीटर हवेत, आणि ते घराजवळचे हवेत.

मार्चपासून दर रविवारी आमची शाळा भरू लागली. मागचे चाक काढायचे, ट्यूब बदलायची, परत बसवायचे. पहिल्या दिवशी तिला पावणेतीन तास लागले आणि दोन नखे गेली. टॉमीने टायर चढवताना नव्या ट्यूबलाच चिमटा बसून ती पंक्चर झाली. सगळ्यांचे एकदा होते. चेनचा ताण गाडी स्टँडवर असताना बघितला की फसगत होते, कारण माणूस आणि सामान बसले की चेन ताठरते. म्हणून सामान बांधून, कुणाला तरी बसवून एकदा पुन्हा बघायचा. दर पाचशे किलोमीटरला चेनला तेल, पावसातून किंवा ओढ्यातून गेलो तर त्याच संध्याकाळी. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले दिसले, तर नुसती चेन बदलून भागत नाही. दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदमच बदलायची.

आणि गाडी स्वतः धुवायची. हे तिला पटायला वेळ लागला. फडका घेऊन बसले की बोटे जिथे कधी जात नाहीत तिथे जातात: कॅरिअरच्या वेल्डिंगला पडलेली केसासारखी चीर, स्पोकमधली एखादी सैल तार, इंजिनखाली तेलाचा ओला डाग. वॉशिंग सेंटरवाला हे पाण्याच्या फवाऱ्याने साफ करून टाकतो, सांगत नाही.

कागदपत्रे, विमा, पीयूसी यांबद्दल सांगण्यासारखे काही नाही, ते हवेच. पेट्रोलचे मात्र सांगायला हवे. टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षे होती. त्या हिशेबाने टाकी किती पुरते हे पुस्तिकेत न वाचता स्वतः मोजायचे, आणि तेही घाटात, सामानासकट. एप्रिलमध्ये पुतणी पूर्ण सामान लादून गणपतीपुळ्याला जाऊन आली. येताना आंबा घाटात तिचा तंबू सुटून पडला. बरे झाले. बारालाचा खिंडीत पडण्यापेक्षा आंबा घाटात पडलेला बरा. तिथे आणखी एक शिकायचे आहे, ते मात्र इथे शिकवता येत नाही: बर्फ वितळून वाहणारे नाले दुपारी फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडायचे. पागल नाला हे नाव कुणी उगाच ठेवलेले नाही.

वहिनी सुरुवातीला गॅलरीतूनच बघायच्या. मग चहा घेऊन खाली येऊ लागल्या. मग पुढच्या रविवारी फडका धरायला. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊजी, पण काही झालंच तर?" तेव्हा मी त्यांना गाटा लूप्सची गोष्ट सांगितली, उलट्यांसकट. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुतणीला दोन गोष्टी लेखी लिहून द्यायला लावल्या. मनालीत आणि पुन्हा जिस्पाला एकेक दिवस जास्त थांबायचे, आणि तिघींपैकी एकीचेही डोके दुखून उलटी झाली, तर तिघींनी उलट फिरायचे. माझ्या सगळ्या पान्हे-पकडींपेक्षा हा कागद मोलाचा आहे, हे मी पुतणीला सांगितले. वहिनींना नाही.

गेल्या शनिवारी रात्री साडेनऊला पुतणीने पार्किंगमध्ये क्लच केबल बदलून दाखवली. दिवे मुद्दाम बंद केले होते, वॉचमनने टॉर्च धरला होता. बावीस मिनिटे लागली. मी घड्याळ खिशात टाकले, तिने हात पुसले. वहिनी गाडीभोवती एक फेरी मारून मागच्या चाकापाशी वाकल्या, दोन बोटांनी चेन वर उचलली आणि म्हणाल्या, "ही जरा ढिली नाही का वाटत गं?"

ढिली होती.