वेदगंगेकाठचा मुलूख

दोस्तांनो, महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि बोट पार खाली न्या. कोल्हापूर जिल्हा सापडला? आता त्यातला कागल तालुका शोधा. या तालुक्यात वेदगंगेच्या खोऱ्यात मुरगूड नावाचं गाव आहे. नगरपालिका आहे म्हणून त्याला शहर म्हणायचं, एवढंच! बाजारपेठेतून चार पावलं बाहेर पडलात की ऊस सुरू. निपाणीहून मुदाळ तिट्टा, राधानगरी, फोंडा घाट करत देवगडला जाणारा रस्ता मुरगुडातूनच जातो. म्हणजे एका टोकाला कर्नाटक, दुसऱ्या टोकाला समुद्र आणि मध्ये हा हिरवा पट्टा.

हा पट्टा हिरवा का, हे कळायला आधी पाऊस बघू या. कोल्हापूर जिल्ह्याचा पाऊस मोठा लहरी आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतल्या गगनबावड्यात तो काही हजार मिलिमीटर कोसळतो आणि पूर्वेला शिरोळपर्यंत पोचेस्तोवर पाचशेच्या आसपास येऊन थकतो. मुरगूड या दोघांच्या मध्ये. पण पश्चिमेचं पाणी नद्या घेऊन येतात. वेदगंगा भुदरगडच्या डोंगरात उगम पावते, गारगोटीवरून इकडे येते, पुढे कर्नाटकात शिरून दूधगंगेला मिळते आणि मग दोघी मिळून कृष्णेला. वेदगंगेवर पाटगावचं धरण आहे, तर दूधगंगेवर काळम्मावाडीचं. काळम्मावाडीत सुमारे २५ टीएमसी पाणी मावतं. टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर २,८३० कोटींच्या आसपास. आता याला २५ नं गुणा बरं!

धरण मोठं असलं तरी ते पाणी शेतात जायला हवं ना? इथं कोल्हापूरकरांची एक भारी युक्ती आहे. तिचं नावच मुळी 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा'. नदीत दगडी खांब उभे करायचे आणि त्यांना उभ्या खाचा ठेवायच्या. पावसाळा संपला की त्या खाचांत फळ्या बसवायच्या. त्यांना म्हणतात बरगे. बरग्यांच्या दोन रांगा लावायच्या आणि मधल्या जागेत माती ठासून भरायची. झाला बंधारा! मागं पाणी तुंबतं, मोटारी ते उपसून वर चढवतात. पावसाळ्याआधी बरगे काढून घ्यायचे, म्हणजे पूर आला की पाणी मोकळं वाहून जातं आणि गाळही साचत नाही. बरगे काढायला उशीर झाला तर मात्र पुरातली झाडंझुडपं अडकतात आणि सगळंच अवघड होतं. ही पद्धत पुढे सगळ्या महाराष्ट्रात पसरली.

नदीवरून मैल-दोन मैल पाइप टाकणं एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही. म्हणून शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी पाणीपुरवठा संस्था काढल्या. पाळी येईल तेव्हा पाणी. वीज रात्रीची असेल तर कुडकुडत्या थंडीत, बॅटरी घेऊन, उसाच्या सरीत उभं राहायचं. त्याआधीच्या पिढीनं विहिरीवर मोटा हाकल्या. ते दिवस कसे होते हे वाचायचं असेल तर कागलच्याच आनंद यादव यांचं 'झोंबी' मिळवा. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याच पुस्तकाला मिळाला. शाळेसाठी धडपडणाऱ्या एका पोराची ती गोष्ट आहे.

आता ऊस. जून-जुलैच्या सुमाराला लावला तर 'आडसाली', थंडीच्या तोंडावर लावला तर 'पूर्वहंगामी', जानेवारी-फेब्रुवारीत लावला तर 'सुरू'. आणि तोडलेल्या बुडख्याला पुन्हा फूट आली की 'खोडवा'. पूर्वी गावोगावी गुऱ्हाळं धडधडायची. चुलवाणावर भली मोठी काहील, तिच्यात उकळणारा रस, रस निवळायला भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी आणि नेमक्या क्षणी काहील उतरवायला सांगणारा गुळव्या. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण आज बहुतेक ऊस कारखान्याला जातो. बिद्री, हमीदवाडा, कागल, एवढ्याशा टापूत किती धुराडी!

'ऊसवाले म्हणजे श्रीमंत' असं तुम्हाला वाटत असेल, तर जरा वही-पेन्सिल घ्या. समजा एका घराचा २० गुंठे, म्हणजे अर्धा एकर, आडसाली ऊस आहे आणि तो २० टन निघाला. २०२४-२५ च्या हंगामात सरकारनं ठरवलेला किमान भाव १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होता. उतारा जास्त असेल तर थोडा जास्त. हिशेब होतो ६८,००० रुपये. हे पीक रानात साधारण १७ महिने उभं असतं. म्हणजे महिन्याला ४,०००! त्यातून तोडणी-वाहतूक, खत, पाणीपट्टी आणि सोसायटीचं कर्ज अजून जायचंच आहे.

मग घर चालतं कशावर? गोठ्यातल्या म्हशीवर! सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन गावच्या दूध संस्थेत जायचं, फॅट लागेल तसा दर घ्यायचा. 'गोकुळ' या नावानं तुम्ही ओळखता तो कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ १९६३ चा. उसाचे पैसे वर्ष-दीड वर्षानं येतात, दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. वह्या-पुस्तकं, एसटीचा पास, किराणा सगळं त्यातूनच. शिवाय उसाचं वाडं म्हशीला आणि शेण परत रानाला.

खताचं निघालंच आहे तर मुरगूडजवळच्या आदमापूरची गंमत सांगतो. हे बाळूमामांचं ठिकाण. त्यांच्या नावाची हजारो बकरी, म्हणजे मेंढरं, कळप करून गावोगाव फिरतात. या कळपांना 'बग्गा' म्हणतात. आपल्या रानात बग्गा बसावा म्हणून शेतकरी वाट पाहतात. श्रद्धा तर आहेच, पण लेंडीखतही मिळतंच की!

पूर्वी या सरहद्दीच्या पट्ट्यात तंबाखूचंही मोठं प्रस्थ होतं. निपाणी तिची बाजारपेठ. तंबाखूला रास्त भाव मागण्यासाठी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीला हमरस्त्यावर आंदोलन झालं, गोळीबार झाला, शेतकरी मेले. एका पिकाच्या भावावर गावंच्या गावं अवलंबून असली की काय होतं, ते तेव्हा दिसलं.

आफ्रिकेजवळच्या मॉरिशस बेटाचंही असंच. कोल्हापूर जिल्ह्यात ते तीनदा मावेल! १८३४ पासून तिथल्या उसासाठी भारतातून मजूर नेले, त्यात मराठी माणसंही होती. दीर्घकाळ बेटाचा सारा संसार साखरेवर. १९७० नंतर त्यांनी कापड कारखाने आणि पर्यटन वाढवलं. इकडेही कागलजवळ पंचतारांकित औद्योगिक वसाहत झालीय, पण रानातला ऊस काही हटलेला नाही. कारण सोपं आहे: भाजीचा भाव कधी पडेल याचा नेम नाही, ऊस निदान कारखाना नेतो.

पण ऊस पाणी पितो फार. इचलकरंजीला पिण्यासाठी दूधगंगेतून, सुळकूडहून पाणी न्यायची योजना निघाली तेव्हा नदीकाठच्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. शहरवाले म्हणाले, पंचगंगा घाण झाली, आम्ही प्यायचं काय? शेतकरी म्हणाले, उन्हाळ्यात उपसाबंदी आम्हीच सोसतो, आणखी पाणी कुठून द्यायचं? दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले. आणि जास्त पाण्याचंही दुखणं आहेच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला. शेंड्यात गाळ शिरला की ऊस कुजतो.

या साऱ्यात एक माणूस नकाशावर कुठंच दिसत नाही. ऊसतोड मजूर. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती तोडणीतून फेडायची. पहाटेच्या अंधारात फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. बरोबर पोरंही येतात, तुमच्याच वयाची. गावची शाळा अर्ध्यावर सुटते. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, पण कोपीवर धाकट्या भावाला सांभाळायला कोण, म्हणून थोरली बहीण बहुतेक वेळा घरीच. निपाणी-देवगड गाडीत बसलात तर डिसेंबरात खिडकीतून बाहेर बघा. उसाच्या ट्रॉल्यांमागं, माळावर, पाचटाच्या त्या कोप्या ओळीनं दिसतील. दारात चूल असेल आणि चुलीजवळ ती मुलगीही.