अठराव्या वर्षानंतर

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत विशेष मुलांच्या शाळा आहेत, त्या निष्ठेने चालविणारे शिक्षक आहेत, आणि मुलाचा हात धरून त्याला रोज शाळेच्या दारापर्यंत पोहोचविणाऱ्या माताही आहेत. परंतु तो मुलगा अठरा वर्षांचा झाला की शाळेच्या पटावरून त्याचे नाव कमी होते, आणि ज्या घराची सकाळ इतकी वर्षे एका ठराविक वेळेला सुरू होत होती, त्या घरापुढे कसलेही वेळापत्रक नसलेले एक दीर्घ आयुष्य एकाएकी उभे राहते. त्याच्या बरोबरीची मुले कोणी कऱ्हाडच्या महाविद्यालयात जातात, कोणी कुपवाडच्या कारखान्यात लागतात, कोणी सैन्यात भरती होतात. तो ओट्यावर बसतो. शाळेत मोठ्या प्रयासाने जे कमावले ते सरावाअभावी हळूहळू नाहीसे होते, आणि वृद्ध होत चाललेले आईबाप परस्परांजवळही मोठ्याने न बोललेला एकच प्रश्न मनात वागवीत राहतात: आमच्यामागे याचे काय?

या प्रश्नाचा विचार अठराव्या वर्षी सुरू करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणावयास घेणे होय. प्रौढपणाची तयारी सहाव्या-सातव्या वर्षी, स्वतःच्या सदऱ्याची गुंडी स्वतः लावण्यापासून सुरू व्हावी लागते. ही गोष्ट ज्या शास्त्राने सिद्ध केली त्याचा आणि आपल्या सातारा जिल्ह्याचा एक संबंध आहे, आणि तो अनेकांना ठाऊक नसावा म्हणून येथे थोड्या विस्ताराने सांगतो.

फलटणला ‘कमला निंबकर बालभवन’ ही नामवंत मराठी शाळा आहे. अमेरिकेतून येऊन फलटणलाच स्थायिक झालेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी ती १९८६ साली सुरू केली. ज्या कमलाबाईंचे नाव या शाळेला दिले आहे त्या शेतीसंशोधक बनबिहारी निंबकर यांच्या मातोश्री. पूर्वाश्रमीच्या एलिझाबेथ लंडी. क्वेकर पंथात वाढलेली ही अमेरिकन तरुणी विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून हिंदुस्थानात आली, पुढे पुन्हा अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण तिने घेतले, आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे भारतातील पहिले विद्यालय तिने उभे केले. १९५२ साली व्यवसायोपचाराची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव होते, याच्यामागे कमलाबाईंचे श्रम होते.

व्यवसायोपचार या शास्त्राचे मर्म असे की, ज्याचे शरीर किंवा बुद्धी सर्वसामान्यांप्रमाणे साथ देत नाही अशा माणसाला नित्याच्या व्यवहारातील कामे त्याच्या आवाक्यात येतील अशा रीतीने करावयास लावावीत, आणि ती करता करताच त्याचे सामर्थ्य वाढवावे. उदाहरणार्थ, ‘याला चहा येत नाही’ असे आपण सहज बोलून जातो. परंतु पातेले उतरविणे, कपाने पाणी मोजणे, शेगडी पेटविणे, साखर व पूड टाकणे, उकळी आल्यावर आच कमी करणे, गाळणे आणि शेगडी बंद केल्याची खात्री करून घेणे इतक्या पायऱ्या त्या एका कामात असतात, आणि नीट पाहिले तर असे आढळते की त्यांपैकी सहा पायऱ्या त्याला येतात व एकच अडते. मग शिकवावयाचे ते तेवढेच उरते. अमेरिकेत मार्क गोल्ड या संशोधकाने १९७०च्या दशकात हीच पद्धत वापरून, ज्यांच्याकडून कोणी कसलीही अपेक्षा ठेवली नव्हती अशा तीव्र बौद्धिक अक्षमतेच्या तरुणांना सायकलच्या ब्रेकचे अनेक सुटे भाग अचूक क्रमाने जुळविण्यास शिकविले. एका रीतीने जमले नाही तर दुसरी रीत शोधण्याची जबाबदारी शिकविणाऱ्याची आहे, हा त्याचा आग्रह होता. तो आपल्या प्रत्येक विशेष शाळेत रुजला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

तथापि या शिक्षणाच्या आड सर्वांत अधिक जर काही येत असेल तर ते आपले प्रेमच होय. ‘राहू दे, तुला नाही जमणार’ हे वाक्य ज्या घरात दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते, त्या घरातील मुलगा विसाव्या वर्षीही आईच्या हाताने आंघोळ करतो व वडिलांच्या हाताने दाढी करून घेतो. आणि हे सर्व इतक्या वात्सल्याने घडत असते की त्यामुळे त्याचे काही हिरावले जात आहे याची कोणाला शंकाही येत नाही. घाईच्या घरात अर्धा तास थांबून त्याला स्वतः कपडे घालू देणे कठीण आहे. त्याच्या हातून दूध सांडते, भाकरी करपते, कधी हात पोळतो. तरीही हे सोसलेच पाहिजे. मुलींच्या बाबतीत तर हलगर्जी मुळीच परवडणारी नाही: मासिक पाळीची स्वच्छता तिची तिला सांभाळता यावी, आपल्या शरीराला कोणी कोठे हात लावावयाचा नाही हे तिला कळावे, आणि मोठ्या माणसालाही ‘नाही’ असे ठामपणे सांगण्याचे धैर्य तिला घरातूनच मिळावे. आज्ञाधारकपणाचे आपल्याकडे फार कौतुक होते. परंतु प्रत्येकाचे ऐकणारी मुलगी ही सर्वांत असुरक्षित मुलगी असते.

घराबाहेरचे शिक्षणही घराबाहेरच द्यावे लागते. वर्गात खेळातल्या नोटा मोजणाऱ्या मुलाला वाण्याच्या दुकानात उरलेले पैसे परत मागता येतीलच असे नाही. म्हणून त्याला खरी नोट देऊन खऱ्या दुकानात पाठवावे, आणि दुकानदारालाही विश्वासात घ्यावे. साताऱ्याहून कोरेगावला जाणारी एस. टी. ओळखणे, तिकीट जपून ठेवणे, गाडी चुकली तर वाटेल त्या माणसाला न विचारता कंट्रोलरच्या खिडकीशी जाणे, हे सर्व प्रथम बरोबर जाऊन, मग मागच्या बाकावर बसून, मग स्टँडवर वाट पाहत थांबून क्रमाक्रमाने शिकविता येते. ज्याला एकट्याला जाता-येता येत नाही त्याला गावाबाहेर नोकरी मिळून उपयोग नाही. म्हणूनच कोणत्याही हस्तकौशल्याच्या आधी मी प्रवासाला स्थान देईन.

आता कामाविषयी. ज्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, ‘कमवा आणि शिका’ या योजनेने गरिबांच्या मुलांना श्रमाची प्रतिष्ठा शिकविली, आणि स्वावलंबी शिक्षण हेच आपले ब्रीद मानले, त्या जिल्ह्यात विशेष तरुणाच्या श्रमाला मात्र अद्याप बाजारभाव मिळालेला नाही. कार्यशाळांमध्ये पणत्या रंगविल्या जातात, मेणबत्त्या, कागदी पिशव्या व राख्या होतात. दिवाळीत प्रदर्शन भरते, माणसे कौतुकाने खरेदी करतात, आणि पुढचे अकरा महिने मागणी नसते. या कार्यशाळांनी अनेक घरांना आधार दिला आहे, त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु दयेवर विकल्या जाणाऱ्या वस्तूंतून उपजीविका होत नाही, हे आता स्पष्टपणे बोलले पाहिजे.

वास्तविक या मुलुखातच काम विपुल आहे. तासगावच्या बाजारपेठेसाठी बेदाणा निवडावा लागतो, काड्या वेगळ्या काढून रंग व आकार पाहून प्रतवारी करावी लागते. सांगलीची पेठ हळदीची. महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरी पेट्यांत भरावी लागते. रोपवाटिकांत पिशव्या भरणे आहे, दुग्धालयांत कॅन धुणे आहे, औद्योगिक वसाहतींत सुटे भाग मोजून पाकिटबंद करणे आहे. ज्या एकसुरी कामाचा इतरांना कंटाळा येतो तेच स्वमग्न तरुणांपैकी काहींना मनापासून आवडते, आणि त्यात त्यांची नजर चुकत नाही. सर्वांनाच ते आवडेल असे मानणे हीही चूक ठरेल; प्रत्येकाची आवड त्यालाच विचारून, पाहून ठरवावी. येथे जगभर मान्य झालेली रीत अशी की, आधी वर्षानुवर्षे प्रशिक्षण व मग नोकरी हा क्रम बदलून, त्याला प्रत्यक्ष कामावर ठेवावे आणि काही आठवडे एक प्रशिक्षक त्याच्या शेजारी उभा राहून ते काम, ती यंत्रे, जेवणाची सुट्टी व सहकाऱ्यांशी बोलणे शिकवीत हळूहळू बाजूला व्हावा. मेहनताना मात्र पूर्ण द्यावा.

शासनाच्या बाजूने काहीच नाही असे नाही. मिरजेस प्रौढ दिव्यांगांचे शासकीय प्रशिक्षण केंद्र आहे, तेथे संगणक, मोटार रिवाइंडिंग यांसारखे अभ्यासक्रम शिकविले जातात. परंतु ते प्रामुख्याने अस्थिव्यंग तरुणांसाठी आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी तशाच तोलामोलाचे निवासी केंद्र या दोन जिल्ह्यांच्या मध्यावर कोठेतरी, समजा कऱ्हाडला, व्हावयास हवे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय नोकऱ्यांत चार टक्के जागा राखून ठेवल्या, आणि त्यांतील एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मनोविकार, बहुविकलांगता अशा गटांसाठी प्रथमच निराळा काढला. पूर्वीच्या १९९५च्या कायद्यातील राखीव जागांत यांतील अनेकांना स्थानच नव्हते.

पालकांनी आणखी एक तजवीज वेळीच करावी. मूल अठरा वर्षांचे झाले की ते कायद्याने सज्ञान ठरते, व आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते. बँकेचे खाते, शस्त्रक्रियेची संमती, सातबाऱ्यावरील हिस्सा यांचा प्रश्न उभा राहतो तेव्हाच अनेकांना हे कळते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्वाचा दाखला घेता येतो, आणि त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. मात्र पालकत्व घेतले म्हणून त्याला विचारणे सोडू नये. ज्या निर्णयात त्याचे मत समजून घेता येते त्यात ते घ्यावेच.

आईबापांच्या पश्चात तो कोठे राहील, याचे उत्तर बदलापूरच्या ‘आधार’सारख्या, पालकांनीच एकत्र येऊन उभारलेल्या वसतिगृहांनी काही अंशी दिले आहे. मोठ्या संस्थांइतकीच आपल्याला आवश्यकता आहे ती आपल्याच गावातील, चार-पाच जणांच्या लहान घरांची, जेथे एक काळजीवाहक असेल आणि सकाळी प्रत्येक जण आपापल्या कामाला जाईल.

यासाठी पैसा कोठून येणार, असे कोणी विचारील. ग्रामपंचायती व नगरपालिकांनी आपल्या स्वउत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. पुढच्या ग्रामसभेत, आपल्या घरी असे मूल असो वा नसो, वाचकांनी उभे राहून विचारावे की गतवर्षी ही रक्कम किती होती, आणि तीतून अठरा वर्षांवरील किती मुलामुलींना काम शिकविले. आणि उत्तर लेखी मागावे.