जुन्या मोटारीचा जमाखर्च

बऱ्हाणपूरजवळच्या आमच्या शाहपूरला केळीचा पैसा हाती आला की घरोघरी जुनी मोटार घेण्याची बोलणी सुरू होतात. चौकशी मात्र एकाच आकड्याची होते : केवढ्याला मिळते? वाणिज्यशास्त्राच्या भाषेत हा भांडवली खर्च. तो एकदाच होतो. पेट्रोल, विमा, दुरुस्ती हा महसुली खर्च; तो गाडी दारात असेपर्यंत चालूच राहतो.

समजा, महिन्याला १००० किलोमीटर फिरणे आहे. लिटरला २० किलोमीटर धावणाऱ्या गाडीस ५० लिटर पेट्रोल लागेल, साडेबारा किलोमीटर धावणारीस ८० लिटर. लिटरला १०० रुपये धरले तर वर्षाला ३६,००० रुपयांचा फरक पडतो. म्हणजे दुसरी गाडी ५०,००० रुपयांनी स्वस्त मिळाली, तरी तो फायदा सतरा महिन्यांत फिटतो.

विम्याचेही तसेच. २०२२ च्या दरांनुसार सक्तीच्या त्रयस्थ-पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता १००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीस २,०९४ रुपये, तर १५०० सीसीवरील मोटारीस ७,८९७ रुपये होता. शिवाय नोंदणीस १५ वर्षे झाली की तपासणी व नूतनीकरणाचा खर्च येतो.

केळीचा पैसा एकरकमी येतो. पेट्रोलचा मात्र दरमहा जातो. म्हणून किमतीत तीन वर्षांचा चालू खर्च मिळवावा, गाडी पुढे विकून येणारी रक्कम वजा करावी आणि मगच कोणती गाडी स्वस्त ते ठरवावे.