एका नटाचे वऱ्हाड

इंग्लंडमध्ये जॉईस ग्रेनफेल नावाची एक विनोदी अभिनेत्री होऊन गेली. रंगमंचावर ती एकटीच उभी राहून न दिसणाऱ्या मुलांशी बोलू लागली, की प्रेक्षकांना अवघा बालवर्ग समोर भरल्याचा प्रत्यय येई. त्याच देशातील ॲलेक गिनेस यांनी 1949 सालच्या एका चित्रपटात एकाच उमराव घराण्यातील आठ व्यक्ती रंगविल्या; परंतु त्यांच्या दिमतीला रंगभूषा, वेषभूषा आणि कॅमेरा ही सारी सामग्री होती. या दोन्ही कलावंतांविषयी पूर्ण आदर बाळगून असे म्हणावेसे वाटते की, आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पण त्या काळी औरंगाबाद असलेल्या आमच्या शहरातील एका प्राध्यापकाने केवळ एका उपरण्याच्या आधाराने बावन्न माणसे रंगमंचावर उभी केली, ही गोष्ट जगाच्या विनोदी रंगभूमीच्या दप्तरात ठळक अक्षरांनी नोंदविली जावी अशीच आहे.

हे प्राध्यापक म्हणजे लक्ष्मण देशपांडे. त्यांचा जन्म 1943 सालचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते. आणि अध्यापन हा त्यांच्या नटपणाचा जोडधंदा नसून त्याचा पायाच होता, असे मला वाटते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग 1979 साली रंगभूमीवर आला. लेखक तेच, दिग्दर्शक तेच आणि नटही तेच. लंडनला होऊ घातलेल्या लग्नासाठी मराठवाड्यातील एका खेड्याचे वऱ्हाड विमानाने निघते, एवढेच त्याचे कथासूत्र. त्यात हट्टी बबन्या आहे, घरातील वडीलधारी मंडळी आहेत, सासुरवाशिणी आहेत, विमानातील कर्मचारी आहेत आणि गोरे व्याहीही आहेत.

ही सारी माणसे एकाच देहातून प्रकटतात कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. एकपात्री नटाला दृष्टीचा हिशेब अत्यंत काटेकोरपणे राखावा लागतो. लहान मूल बोलते तेव्हा नजर वर जाते, मोठा माणूस त्याला उत्तर देतो तेव्हा ती खाली येते. आणि ज्या स्थानी एखादे पात्र एकदा उभे केले, त्या स्थानापासून नजर वीतभर जरी ढळली, तरी ते पात्र प्रेक्षकांच्या मनातून तत्क्षणी लोप पावते. देशपांडे हा हिशेब तासन्‌तास सांभाळीत. उपरणे डोक्यावर आले की म्हातारीचा पदर होई, खांद्यावर पडले की कारभारी उभा राही. आणि एका पात्राचा श्वास संपून दुसऱ्याचा सुरू होताना आवाजाची पट्टी, मानेचा कल, हाताची ठेवण हे सारे एकदमच पालटे.

मराठीत या प्रकाराला राजमान्यता मिळवून दिली ती पु. ल. देशपांडे यांनी, 1961 साली ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर आणून. पण मला लक्ष्मण देशपांडे यांच्या कलेचे मूळ याहूनही जुन्या ठिकाणी दिसते. याच जिल्ह्यातील पैठणास एकनाथांनी भारुडे रचली; त्यांत जोगवा मागणारी, विंचवाने डसलेला, आंधळा, पांगळा अशी नाना सोंगे बोलतात, आणि ती सर्व सादर करणारा भारुडकार मात्र एकच असतो. त्याखेरीज बहुरूपी आहे, गोंधळी आहे, आख्यान लावणारा कीर्तनकार आहे. ज्या मुलुखात एका माणसाने अनेक होणे ही गावकीच्या नित्य परिचयाची गोष्ट होती, त्याच मुलुखाने हा नट दिला.

आणखी एका गोष्टीचा मला विशेष अभिमान वाटतो. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अंमलाखाली राहिलेल्या मराठवाड्याची बोली, जिच्यात दख्खनी उर्दूचे शब्द सहज मिसळलेले आहेत, ती पुण्या-मुंबईच्या नाटकांत बहुधा गड्याच्या किंवा शिपायाच्या तोंडीच घातली जाई. देशपांडे यांनी तिला तीन अंकांच्या नाटकासारखा भरगच्च प्रयोग पेलायला लावले आणि तिने तो पेलला. त्यात खेडुतांच्या अज्ञानावर हसू येते खरे, परंतु त्या हसण्यात हेटाळणीचा लवलेश नसतो; कारण परक्या देशात गोंधळलेली ही माणसे आपले आतिथ्य, आपला मानपान आणि आपला जिव्हाळा क्षणभरही सोडीत नाहीत. विलायतेत जाऊन कोणी दिपून गेले नाही, ही त्या प्रहसनातील सर्वांत सुंदर गोष्ट होय.

या नाटकाचे प्रयोग दोन हजारांच्या घरात गेले, परदेशांतील मराठी मंडळींनीही ते डोक्यावर घेतले, आणि ‘गिनीज बुक’ या विक्रमपुस्तकात त्याची नोंद झाली. 22 फेब्रुवारी 2009 रोजी देशपांडे यांचे निधन झाले. त्यानंतर मराठवाड्याचेच नट संदीप पाठक यांनी हे वऱ्हाड पुन्हा वाटेला लावले आहे. ज्यांनी हा प्रयोग आजवर केवळ ध्वनिफितीवर ऐकला असेल, त्यांनी तो एकदा तरी नाट्यगृहात जाऊन पाहावा. कारण यातील निम्मे नाटक नटाच्या नजरेत आहे, आणि ते ऐकून कळणारे नाही.