लॅपटॉप उठतच नाही? वाशिमची एसटी धरण्याआधी

मानोरा किंवा रिसोडहून बंद लॅपटॉप घेऊन वाशिमच्या दुकानात जाण्याआधी घरीच थोडी खटपट करा. चार्जर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही. पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग नुसत्या चार्जरवर सुरू करून बघा. एवढ्यानं पुष्कळदा काम भागतं.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच? पहिला संशय रॅमवर. पुन्हा वीज तोडून पट्टी काढा, तिची सोनेरी कड खोडरबरानं हलकेच पुसा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसेपर्यंत दाबा.

बायोस उघडत नसेल तर बहुधा बटण चुकतंय. डेल, एसर, असूसला साधारणपणे एफ2, एचपीला एफ10, लेनोव्होला एफ1 किंवा एफ2. तरी थेट विंडोजच येतं? मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि ट्रबलशूटमधून आत शिरा. त्याआधी बिटलॉकरची 48 अंकी रिकव्हरी की हाताशी हवी; बायोसमधला बदल कधीकधी तीच मागतो.

तारीख-वेळ दरवेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला. बहुधा तो सीआर2032 असतो: 20 मिलिमीटर व्यासाचा, 3.2 जाडीचा, 3 व्होल्टचा. मात्र अनेक लॅपटॉपमध्ये त्याला वायर जोडलेली असते. तिथे घड्याळवाल्याकडचा सुटा सेल चालत नाही.

बायोस अपडेट करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी. लोडशेडिंगच्या वेळी तर तो उद्योग नकोच. मधेच वीज तुटली की मदरबोर्डच दुकानात न्यावा लागतो.