दात सुरगाण्यात, डॉक्टर नाशकात

आजचा विषय आहे दात. दुखेपर्यंत आपल्याला आठवतही नाहीत, नाही का? पण जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२चा अहवाल सांगतो की जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे.

आता आपलं नाशिक बघा. राज्यातली दंत महाविद्यालयं ज्याला संलग्न आहेत, ते आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथंच आहे. पंचवटीत दंत महाविद्यालय आहे. गंगापूर रोडला दवाखान्यांच्या पाट्याच पाट्या. मग अडचण कुठे?

अडचण अंतराची. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावरून यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. रूट कॅनाल असेल तर फेऱ्या वाढणार. मग माणूस लवंग दाबून, गोळी खाऊन दिवस काढतो. शेवटी येतो तेव्हा बऱ्याचदा दात काढण्यावाचून इलाज उरत नाही.

बरं, मुलांची तपासणी होते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जायचं असतं. दातांची कीडही त्या यादीत आहे. पण कागदावर ‘कीड’ लिहिल्यानं दात भरत नाही!

गंमत म्हणजे, भरण्याचं काम पाड्यावरही होऊ शकतं. एआरटी नावाची पद्धत आहे. किडलेला मऊ भाग हातातल्या अवजारानं खरवडायचा आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. ड्रिल नको, वीज नको, बहुतेकदा इंजेक्शनही नको. दुसरं औषध सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. ते लावलं की बऱ्याचदा कीड तिथंच थांबते. किडलेला भाग मात्र काळा पडतो, हे आईवडिलांना आधी सांगायला हवं. ही दोन्ही साधनं २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली.

अर्थात, कीड नसेपर्यंत पोचली, ठणका लागला, की हे पुरत नाही. म्हणूनच तपासणी आणि उपचार यांत महिने जाता कामा नयेत. तपासणाऱ्या पथकाच्या मागोमाग दात भरणारा डॉक्टर पाड्यावर पोचला, तर पुष्कळ दात वाचतील.

तेव्हा तुमच्या अंगणवाडीत पथक आलं, की एवढंच विचारा: “कीड सापडली, आता भरणार कोण आणि कधी?”

भेटू पुढच्या भागात. आणि हो, आज रात्री झोपण्याआधी फ्लोराइडच्या पेस्टनं ब्रश करा बरं का!